परमुलुखातील कायदा आणि आपली पिशवी

सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशात जाणाऱ्या-येणाऱ्या आपल्या मंडळींना नवापूरचे स्थानक नवे नाही. या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आहे, तर काही गुजरातेत. फलाटावरील एक बाक तर असा आहे की, त्यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एक महाराष्ट्रात असतो आणि दुसरा गुजरातेत! मुलांना याची मोठी मौज वाटते. परंतु एका टोकास राजरोस विकत मिळणारी मद्याची बाटली दुसऱ्या टोकास आली की तिचा मुद्देमाल होतो, ही गोष्ट मौजेची नव्हे. गंमत अशी की, दोन्हीकडील कायद्याचे मूळ एकच; ते म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १ मे १९६० रोजी द्विभाषिकाची दोन राज्ये झाली आणि एकाच कायद्याची ही दोन लेकरे दोन घरी वाढली. एका घरी त्याचा जाच नावापुरता उरला. दुसऱ्या घरी तो २०१७ साली अधिक कडक झाला आणि दारूच्या विक्रीस व वाहतुकीस दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद झाली. म्हणूनच धुळे-नाशिककडील पाहुणे लग्नकार्यास येणार म्हटले की, 'येताना काही बरोबर आणू नका हो' असे त्यांना बजावण्याचे अवघड काम सुरतेच्या यजमानास करावे लागते. बाहेरून आलेल्या पाहुण्यास रीतसर तात्पुरता परवाना काढता येतो, हे तर पुष्कळांच्या गावीही नसते.

एका पावलावर कायदा कसा पालटतो, याचा असा रोजचा अनुभव असलेली आपण माणसे. तरीही समुद्रापलीकडे जाताना तो आपण घरी ठेवून जातो, असे खेदाने म्हणावे लागते. आता परदेशगमन ही काही अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत सुरतेहून थेट शारजाला विमान सुरू झाले. २०२३ च्या डिसेंबरात दुबईला आणि २०२४ च्या डिसेंबरात बँकॉकलाही ते जाऊ लागले. उधना-लिंबायतकडील कुटुंबेही दिवाळीच्या सुटीत चार दिवस दुबई पाहून येतात. हे चांगलेच आहे. मात्र नवापूरला पकडलेला माणूस आपल्याच देशात असतो. त्याची भाषा पोलिसाला कळते आणि त्याचा मेहुणा संध्याकाळपर्यंत वकील घेऊन येऊ शकतो. परदेशात यातले काहीच नसते.

सुरतकरांनी हा विषय उलट्या बाजूनेही पाहिलेला आहे. मोगल अमदानीत हे बंदर भरभराटीत होते, तेव्हा परदेशी प्रवासी व व्यापारी आपल्या शहरी येत आणि येथील कायदा त्यांना लागू होई. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केच्या यात्रेहून सुरतेस परतणारे 'गंज-इ-सवाई' हे औरंगजेबाचे प्रचंड जहाज लुटले व यात्रेकरूंवर अत्याचार केले. बातमी येताच शहर खवळून उठले. सुरतेच्या वखारीतील इंग्रजांचा या लुटीशी काही संबंध नव्हता. तरीही वखारीचा प्रमुख सॅम्युअल ॲनस्ली व त्याचे सहकारी यांच्या हातापायांत बेड्या पडल्या आणि कित्येक महिने त्यांना कोंडून ठेवण्यात आले. एव्हरी मात्र कोणाच्याच हाती लागला नाही. करणारा एक आणि भोगणारा दुसरा, हा प्रकार परमुलुखात फार जुना आहे.

आपल्या शहराच्या धंद्यातील अलीकडचे उदाहरण २०१० चे. त्या वर्षीच्या जानेवारीत चीनमधील शेन्झेन येथे वीसहून अधिक भारतीय हिरे-व्यापारी व त्यांचे नोकर पकडले गेले. हाँगकाँग हे करमुक्त बंदर आणि शेन्झेन त्याच्या अगदी शेजारी. राज्यही नावाला एकच. परंतु मधली सीमा ओलांडून हिरे नेले की त्यावर सीमाशुल्क भरणे बंधनकारक होते. ते चुकवून हिरे नेल्याचा आरोप या मंडळींवर आला. त्या दिवसांत कतारगाम-वराछाकडील कित्येक घरी काळजीचे वातावरण होते. सुमारे दोन वर्षे खटला चालला. २०११ च्या डिसेंबरात निकाल लागून बारा जणांना मायदेशी पाठविण्यात आले आणि उरलेल्यांना तीन ते सहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. 'सगळेच असे नेतात' हे वाक्य आपल्याकडे बचाव म्हणून चालून जाते, तेथे ते चालले नाही.

हे झाले व्यापाराचे. निव्वळ सहलीस गेलेल्यांची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. मुंबईचे एक तरुण जोडपे २०१९ च्या जुलैत कतारची राजधानी दोहा येथे गेले. सहल पतीच्या आत्याने भेट म्हणून दिली होती. तिकिटे, हॉटेल, सारे तिच्याच खर्चाने. पत्नी त्या वेळी गरोदर होती. निघताना आत्याने एक पुडके दिले. आत जर्दा आहे, तेथील ओळखीच्या माणसास द्यावयाचा आहे, असे सांगितले. दोह्याच्या विमानतळावर सामान तपासले गेले तेव्हा त्यातून ४.१ किलो चरस निघाला. दोघांनाही प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा व जबर दंड झाला. मुलीचा जन्म तुरुंगातच झाला.

इकडे मुलीच्या वडिलांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी जावयाचे आत्याशी फोनवर झालेले बोलणे, निरोप, कागद असे एकेक पुरावे जमविले आणि अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे तक्रार केली. विभागाने तपास केला, आत्या व तिचे साथीदार यांच्यावर कारवाई झाली आणि हे सारे कागद कतारच्या न्यायालयापुढे गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेरविचाराचा आदेश दिला व २०२१ च्या मार्चअखेर दोघेही निर्दोष सुटले. एप्रिलमध्ये ती वर्षभराची मुलगी आईबापांबरोबर मुंबईस आली. आजोळ तिने तोवर पाहिलेलेच नव्हते.

या प्रकरणात मला सर्वांत विचार करण्यासारखे वाटते ते ते पुडके. ते देणारी कोणी परकी बाई नव्हती, आत्या होती. आपल्या कुटुंबव्यवस्थेत आत्याने दिलेले पुडके भाच्याने उघडून पाहावयाचे, ही कल्पनाही कोणास सहन होणार नाही. 'माझ्यावर विश्वास नाही काय रे?' हा प्रश्न ऐकण्यापेक्षा आपण ओझे उचलणे पसंत करतो. गावाकडून सुरतेस येताना कोणाचे तांदूळ, कोणाचा पापडांचा डबा, कोणाच्या मुलाची वह्या-पुस्तके आणण्यात आपली हयात गेली आणि त्या देवघेवीवरच आपला समाज परक्या शहरी टिकला. हे मोल मी कमी लेखत नाही. परंतु विमानाच्या प्रवासात ही भीड सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याची वस्तू नेणे भागच असेल, तर ती देणाऱ्याच्या समक्ष उघडावी, स्वतःच्या हाताने पुन्हा बांधावी. शिवलेले, डकवलेले, भेटवस्तूच्या चकचकीत कागदात गुंडाळलेले काही घेऊच नये. देणाऱ्यास राग आला तर येऊ द्यावा.

२०२३ च्या एप्रिलमध्ये तर मुंबईची एक अभिनेत्री शारजाला अशीच अडकली. परदेशी मालिकेत काम मिळण्याच्या आशेने ती गेली होती. बरोबर नेण्यास दिलेल्या मानचिन्हाच्या पोकळीत गांजा आणि खसखस निघाली. मुंबई पोलिसांच्या तपासाप्रमाणे, तिच्या आईशी कुत्र्यावरून झालेल्या भांडणाचा सूड म्हणून एकाने हा बनाव रचला होता. जवळजवळ चार आठवड्यांनी तिची तुरुंगातून सुटका झाली, पण घरी येण्यास ऑगस्ट उजाडला.

गांजाचे नवल नाही. खसखस वाचून मात्र आमच्या शेजारच्या काकू थबकल्या. 'अहो गुरुजी, खसखशीला कोण धरतं?' संयुक्त अरब अमिरातीत धरतात. सौदी अरेबियात व सिंगापुरातही ती निषिद्ध आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी. आपल्याकडे मंदसोर, नीमच, चितोडगड या भागांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते, बी मोकळेपणाने बाजारात येते आणि अनारशावर थापली जाते. तिकडे ती अफूच्याच कुळातली मानतात. २००८ साली इंग्रजी वृत्तपत्रांत एका स्वित्झर्लंडच्या माणसाची हकीकत आली होती. लंडनच्या विमानतळावर खाल्लेल्या पावावरची खसखशीची अवघी काही बिये त्याच्या कपड्यांना चिकटून राहिली आणि दुबईत त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. काकूंचा मुलगा दुबईला नोकरीस आहे व दर दिवाळीला कोणाबरोबर तरी त्याच्यासाठी अनारसे जातात. त्या वर्षी त्यांनी चकल्या पाठविल्या.

औषधांचेही तसेच. आपल्याकडे खोकल्याच्या औषधात असणारे कोडीन, दुखण्यावरील ट्रॅमाडॉल, झोपेच्या काही गोळ्या ही अमिरातीत नियंत्रित औषधे आहेत. ती नेण्यास तेथील आरोग्य खात्याची पूर्वसंमती लागते. २०१७ साली एका ब्रिटिश स्त्रीने मित्राच्या पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या इजिप्तमध्ये नेल्या आणि तीन वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. वयस्क मंडळींनी डॉक्टरांची चिठ्ठी, तीत औषधाचे मूळ नाव आणि गोळ्या मूळ वेष्टनात, एवढे तरी जवळ ठेवावे. सोयीसाठी सगळ्या गोळ्या एका डबीत ओतून नेण्याची सवय घातक आहे.

थायलंडचा कायदा तर श्रावणात पत्ते कुटणाऱ्या सुरतकरांनी अवश्य ऐकावा. तेथील पत्त्यांविषयीच्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून १२० हून अधिक पत्ते जवळ बाळगणे हाच गुन्हा. २०१६ च्या फेब्रुवारीत पट्टाया येथे ब्रिज खेळत बसलेल्या ३२ परदेशी वृद्धांना पोलिसांनी उचलून नेले. त्यांत चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजीबाई होत्या. पैसे लावलेलेच नव्हते. बाधले ते जोडांची संख्या.

हे कायदे जुलमी आहेत काय? सिंगापुरात १९७३ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार ज्याच्या ताब्यातील पिशवीत माल सापडेल, त्याला तो ठाऊक होता असेच न्यायालय गृहीत धरते. ठाऊक नव्हता हे त्याने सिद्ध करावयाचे. आणि विशिष्ट वजनापलीकडे शिक्षा फाशीची. वाचून अंगावर काटा येतो खरा. परंतु आपल्या १९८५ च्या कायद्यातही आरोपीचे मन दोषी होते, असे गृहीत धरण्याची तरतूद आहेच. परदेशी पाहुण्यांनाही आपण सोडत नाही. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांजवळ उपग्रहाशी जोडणारी संपर्कयंत्रे सापडली. डोंगरात वाट चुकू नये म्हणून त्यांच्या देशात कोणीही दुकानातून घेतो, तीच ही वस्तू. आपल्या १८८५ च्या व १९३३ च्या जुन्या कायद्यांखाली त्यांना अडकविण्यात आले. तेव्हा दुसऱ्याच्या कायद्याला नावे ठेवताना थोडे जपून बोलावे, असे मला वाटते. शिक्षेचे प्रमाण मात्र वेगळे. तीन बियांसाठी चार वर्षे, याला न्याय म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

प्रसंग आलाच तर काय करावे? १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमाने, परदेशात अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या वकिलातीस कळविण्याचा अधिकार आहे आणि हा अधिकार तिला विनाविलंब सांगणे हे पकडणाऱ्यांचे कर्तव्य आहे. मूळचे सांगलीचे कुलभूषण जाधव हे काही प्रवासी नव्हेत, त्यांचे प्रकरण फार वेगळे. परंतु याच कलमाच्या आधारे नागपूरकर हरीश साळवे यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताची बाजू मांडली आणि जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने पाकिस्तानने हे कलम मोडल्याचा निर्णय दिला. तेव्हा अटक झालेल्याने प्रथम एवढेच म्हणावे की, माझ्या वकिलातीस कळवा. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, दुभाषा मागावा.

वकिलातीकडून भलत्या अपेक्षाही करू नयेत. तिचे अधिकारी तुरुंगात येऊन भेटतात, वकिलांची नावे देतात, घरी निरोप पोचवितात. कैदी सोडवून आणणे त्यांच्या हाती नसते. परदेशांच्या तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय असल्याचे सरकारने २०२५ साली संसदेत सांगितले; त्यांत सौदी अरेबिया व अमिराती यांचा वाटा मोठा. २००३ च्या कायद्यानुसार, ज्या देशांशी करार आहे तेथील शिक्षेचा उर्वरित काळ मायदेशीच्या तुरुंगात भोगण्याची मुभा मिळू शकते, पण त्यासाठी दोन्ही सरकारांची संमती लागते.

घरच्यांनी पारपत्राची प्रत, तिकिटे, हॉटेलचा पत्ता आणि वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक प्रवासी निघण्यापूर्वीच लिहून ठेवावा. परराष्ट्र व्यवहार खात्याच्या 'मदद' या संगणकीय व्यवस्थेवर २०१५ पासून तक्रार नोंदविता येते आणि तिचा क्रमांकही मिळतो. वकील नेमण्याची ऐपत नसेल तर वकिलातीकडील भारतीय समाज कल्याण निधीतून, पात्र प्रकरणी, साहाय्य होते. हा निधी २००९ साली स्थापन झाला. त्यासाठी अर्ज मात्र आपल्यालाच करावा लागतो. इंग्रजीत अर्ज लिहिण्याची ज्यांना अडचण वाटते, त्यांनी संकोच न करता आपल्या भागातील कोणाही शिक्षकाकडे जावे.