सालोत्र्याला न दिसलेली धमनी

आपल्या हैदराबादेत घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत. शब्दाचा पेहराव उर्दू असला तरी घराणे संस्कृत. अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य शालिहोत्र यांचेच ते नाव. १८८६ साली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मौला अलीच्या शर्यती मलकपेठेस आणल्या, आणि घोडा या शहराच्या जिव्हाळ्याचा झाला. टांग्याचा घोडा पोटशूळाने गेला की ‘दाणा बाधला’ म्हणत, हे मी लहानपणी ऐकले आहे.

सर्वच पोटशूळ एका कारणाचे नसतात. पण एका प्रकारात गुन्हेगार दडतो तो रक्तवाहिनीत. स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस नावाच्या कृमीची अळी गवताबरोबर पोटात जाते, आतड्याची भिंत भेदते आणि बारीक धमन्यांच्या अस्तरातून चढत मुख्य आंत्रधमनीच्या मुळाशी काही महिने मुक्काम ठोकते. धमनीची भिंत सुजून जाड होते, आत रक्ताच्या गुठळ्या धरतात. एखादी गुठळी सुटून पुढे अडकली की आतड्याचे रक्त तुटते.

पंचाईत अशी की, अळी अंडी घालीत नाही. त्यामुळे लीद तपासूनही तिचा पत्ता लागत नाही. पूर्वी बहुधा शवविच्छेदनातच खरी हकीकत उमगे. आता श्रवणातीत ध्वनी मदतीस आला आहे. पशुवैद्य हातातील शोधक गुदमार्गाने धमनीजवळ नेतो. सेकंदाला लक्षावधी कंपनांचा ध्वनी आदळून परततो आणि पडद्यावर भिंतीची जाडी व गुठळी उमटते. मात्र थोराड घोड्यात हात तेथवर पुरतोच असे नाही.

१९८० नंतर आयव्हरमेक्टिनने या कृमीची पुष्कळ पीछेहाट केली. त्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्बेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिकही लाभले. पण सरसकट औषध पाजल्याने इतर कृमी औषधाला दाद देईनासे झाले. डेन्मार्कने १९९९ पासून चिठ्ठीशिवाय औषध बंद केले. तेव्हा निवडक घोड्यांनाच औषध देणाऱ्या तबेल्यांत हा जुना वैरी अधिक आढळू लागला.

म्हणून मला वाटते, औषधही हवे आणि पारखही हवी. अंडी लिदीतून कुरणात पडतात, तेथेच अळ्या होतात. कुरणातील लीद वेळच्या वेळी उचलणारा मोतद्दार हाच मुक्या जनावराचा पहिला वैद्य होय.