मोटारीस फलक कसा दिसतो?

जानेवारी २०२४ मध्यें अटल सेतु खुला झाला, तेव्हां मोटारींना मुख्य पुलावर ताशीं १०० किलोमीटर आणि चढण्या-उतरण्याच्या मार्गांवर ४०, अशी वेगमर्यादा घालून देण्यांत आली. तांबड्या वर्तुळांतील असे आकडे आजवर चालकच वाचीत असे. आतां कित्येक नव्या मोटारीही ते वाचतात. हें कसें घडतें, याविषयीं मुलें आम्हांस वारंवार विचारतात.

पुढील कांचेमागें, आरशाजवळ, एक लहानसा कॅमेरा असतो. त्यानें टिपलेलें चित्र संगणकास केवळ आंकड्यांचा तक्ता म्हणून मिळतें. प्रत्येक ठिपक्याचा रंग व उजेड आंकड्यांनीं मांडलेला. त्यांतून तो आधीं कडा, मग वर्तुळ वा त्रिकोण, आणि शेवटीं आंतील चिन्ह हुडकतो. हे नियम त्यास कोणी सांगत नाहीं. हजारों चित्रें नांवांसह दाखविलीं, चुकलें तेथें सुधारलें, म्हणजे तो शिकतो. बालवर्गांतील मूल ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद असाच शिकतें. मात्र त्यास इतकीं उदाहरणें लागत नाहींत!

२०११ सालीं जर्मनींतील फलकांच्या पन्नास हजारांहून अधिक चित्रांवर एक स्पर्धा झाली. फलकांचे प्रकार ४३ होते. सर्वोत्तम यंत्राचें उत्तर शेंकडा ९९.४६ वेळां बरोबर आलें, माणसांचें सरासरीनें ९८.८४ वेळां. परंतु तीं चित्रें फलकापुरतीं कापून दिलेलीं होतीं. रस्त्यावर फलक आधीं सांपडावा लागतो.

आमच्या नवी मुंबईंत तेंच कठीण. पावसाळ्यांत झाडाची फांदी आड येते, अवजड गाड्यांचा चिखल उडतो, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक तर कोठेंही टांगलेले असतात. शाळेपुढील त्रिकोण झांकला गेला, तरी नेहमींचा चालक संवयीनें वेग कमी करतो. कॅमेऱ्यास ती संवय नाहीं. न दिसलेला फलक त्याच्या लेखीं नसतोच. २०१७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ‘थांबा’ या फलकावर कांहीं काळ्या-पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या, तर यंत्रानें तो वेगमर्यादेचा फलक म्हणून वाचला! खांबांवर चित्रें चिकटविणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

फलक स्वच्छ असला, तरी एक अडचण उरतेच. मुख्य पुलावरून जातांना उतरण्याच्या मार्गाचा ४० चा फलक कॅमेऱ्याच्या दृष्टीस पडला, तर चालकापुढें ४० हा आकडा उमटूं शकतो. तो आपल्यासाठीं कीं शेजारच्या मार्गासाठीं, हें सुकाणूं धरणाऱ्यासच ठरवावें लागतें.