काक्षी तारा आणि ताऱ्यांचा जीवनक्रम

हिवाळ्याच्या रात्री ठळकपणे दिसणाऱ्या मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या सुमारे एक तृतीयांशावर आले. ताऱ्याचा स्फोट जवळ आल्याची चर्चा तेव्हा जगभर झाली. प्रत्यक्षात ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेल्या धुळीने त्याचा काही भाग झाकला होता, असे पुढे निरीक्षणांतून आढळून आले. तथापि, स्फोटाची अपेक्षा निराधार नव्हती. ताऱ्याचा शेवट कसा होणार, हे मुख्यतः त्याच्या जन्मवेळच्या वस्तुमानावरून ठरते.

तारे वायू आणि धूलिकणांच्या थंड मेघांत जन्म घेतात. मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ पुसट दिसणारा तेजोमेघ हे असेच जन्मस्थान असून ते सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. गुरुत्वाकर्षणाने मेघ आकुंचन पावतो, केंद्राचे तापमान सुमारे एक कोटी अंशांपर्यंत वाढते आणि हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे हेलियममध्ये संमीलन सुरू होते. आतून बाहेर ढकलणारा दाब व आत ओढणारे गुरुत्वाकर्षण यांच्या समतोलावर तारा टिकून राहतो.

ताऱ्याचा रंग त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा निदर्शक असतो. वर्णपटावरून ताऱ्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम असे तापमानाच्या उतरत्या क्रमाने वर्ग पाडले जातात. वर्णपट आणि तापमान यांचा संबंध मेघनाद साहा यांच्या १९२० मधील समीकरणामुळे स्पष्ट झाला. निळसर राजन्य बी, व्याध ए, सूर्य जी, तर काक्षी एम वर्गात मोडतो.

सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे असून त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल. त्यानंतर तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. त्याचे बाह्य थर अवकाशात विखुरतील व गाभा श्वेत बटू म्हणून उरेल. व्याधाचा सोबती असाच श्वेत बटू असून त्याचे वस्तुमान जवळपास सूर्याइतके, तर आकार पृथ्वीएवढा आहे.

श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडच्या सागरी प्रवासात गणिताने ओळखले. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जड ताऱ्याचा गाभा ही मर्यादा ओलांडून कोसळतो, तेव्हा प्रचंड स्फोट होऊन न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर मागे उरू शकते.

काक्षीचे वस्तुमान सूर्याच्या अनेक पट आहे. असे तारे इंधन वेगाने संपवतात. त्यामुळे काक्षीचे वय जेमतेम एक कोटी वर्षांच्या आसपास असूनही त्याचा अंत जवळ आला आहे. येत्या सुमारे एक लाख वर्षांत त्याचा स्फोट अपेक्षित आहे. तो ५०० प्रकाशवर्षांहून दूर असल्याने पृथ्वीला धोका नाही. अशाच प्राचीन स्फोटांतून विखुरलेल्या मूलद्रव्यांपासून पुढे सूर्य आणि पृथ्वी घडली. मानवी रक्तातील लोहही त्यांपैकीच एक आहे.