शेजारची दोन बिनतारी केंद्रे : एकमेकांस अडथळा न होण्याचे उपाय

महोत्सवी स्मरणिकेत बिनतारी यंत्रांवर लेख कशासाठी, असे काही सभासदांस वाटेल. त्यांनी २०१९ चा ऑगस्ट व २०२१ चा जुलै आठवावा. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. अशा वेळी वीज गेली की मोबाईलचे मनोरेही फार काळ तग धरीत नाहीत. मग एखाद्या वाडीतील आजाऱ्याची खबर बेळगावास पोचवावयाची कशी? बिनतारी संच हा एक खात्रीचा मार्ग आहे. पण दोन संच शेजारी ठेवून ते एकमेकांचा आवाज बुडवू लागले, तर असून नसल्यासारखेच.

हे संच दोन प्रकारचे. पहिला सिटिझन बँडचा. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतचे, अंगचीच अँटेना असलेले संच परवान्यावाचून वापरण्यास मोकळीक दिली. अट अशी की, दुसऱ्यास अडथळा करू नये व स्वतःस झाल्यास संरक्षण मागू नये. हा हातातला संच वाडीपासून सभागृहापर्यंतच्या दोन-चार किलोमीटरांस पुरतो. दुसरा हौशी केंद्राचा, म्हणजे हॅमचा. त्यास परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. त्याच्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातील आयनांबरावरून परततात. म्हणून दिवसा निपाणीहून सुमारे ७५ किलोमीटरवरील बेळगाव डोंगर आड असूनही गाठता येते.

आम्ही हे दोन्ही संच एकदा एकाच टेबलावर मांडून पाहिले. हॅम बोलू लागताच हातातल्या संचातून नुसती घरघर! दोष कोणाचा, यावर आमच्यात वाद झाला. शांतपणे तपासता असे दिसले की, कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

पहिले कारण, ग्राहकाचे दडपून जाणे. समोरचा माणूस कानाशी ओरडला की दुसऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, तसेच हे. सर्वच चॅनेलांवर सारखा त्रास असेल तर हेच समजावे. येथे अंतर व शक्ती हेच औषध. अंतर दुप्पट केले की पोचणारी शक्ती ढोबळ मानाने चौथाई होते. पाच मीटरचे वीस मीटर केले, तर सोळावा हिस्सा. १०० वॅटऐवजी २५ वॅटवर काम भागत असेल तर तेही करावे. हातातल्या संचास बाहेरून फिल्टर जोडता येत नाही. त्याने अंगणात जाऊन बोलावे, हेच सोपे.

दुसरे कारण, प्रक्षेपकातून मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या लहरी निसटणे. १४ मेगाहर्ट्झची दुप्पट २८ होते, म्हणजे त्रास हॅमच्याच दुसऱ्या पट्ट्यात. हा त्रास ठराविक जागीच ऐकू येतो. उपाय प्रक्षेपकाच्या बाजूस : अँटेनेच्या वाटेवर केवळ खालची कंपने जाऊ देणारा फिल्टर बसवावा. ७ मेगाहर्ट्झसाठी असा फिल्टर दुहेरी उपयोगाचा, कारण तो बाहेरून येणाऱ्या २७ मेगाहर्ट्झलाही अडवितो.

तिसरे कारण तारांचे. अँटेनेऐवजी डमी लोड, म्हणजे शक्ती उष्णतेत जिरविणारा रोध, जोडून प्रक्षेपण करावे. तरीही घरघर राहिली, तर ती विजेच्या तारांतून वा पेटीतून येत आहे. तारेचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून घ्यावेत आणि दोन्ही संचांस वेगवेगळ्या बॅटऱ्या द्याव्यात.

एक गोष्ट मात्र फिल्टरच्याही हाताबाहेरची. हॅमने २८ मेगाहर्ट्झचा पट्टा निवडला, तर तो सिटिझन बँडपासून एक मेगाहर्ट्झही दूर नाही. इतक्या जवळच्यांस साधा फिल्टर वेगळे करू शकत नाही. तेथे हॅमने दुसरा पट्टा घ्यावा, नाही तर दोघांनी वेळ वाटून घ्यावी. सिटिझन बँडवाल्यानेही शक्ती वाढविणारे जोडयंत्र लावू नये. ते नियमबाह्य आहे, आणि त्याने बिघडलेला आवाज आजूबाजूच्या चॅनेलांवरही पसरतो.

शेवटी सर्वांत स्वस्त उपाय : शेजाऱ्याशी आधी बोलणे. कोण केव्हा बोलणार, कोणत्या खोलीत कोण बसणार, हे कागदावर लिहून ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी एकदा तालीम करावी. आमच्या वादातून निघालेले तात्पर्य एवढेच की, तक्रार करणाऱ्याने आपला संच आधी तपासावा. ज्या ट्रस्टची उभारणीच एकमेकांस सांभाळून घेण्यावर झाली, तिच्या सभासदांस हे अवघड वाटू नये. पूर काही सांगून येत नाही. निदान आपले संच तरी एकमेकांचे ऐकावयास तयार असोत.