आईच्या पत्राचा रस्ता : सोलापूर ते उत्तर चीन

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट आपण नेहमी चीनच्या बाजूने सांगत आलो. रणभूमी, जखमी सैनिक आणि शेवटी तिकडची समाधी. मला ती सोलापूरच्या बाजूने सांगायची आहे. मुलगा परक्या मुलखातल्या लढाईवर गेला की घरात मागे काय उरतं? पत्राची वाट पाहणं, आणि पत्र लिहिणं.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला चढवला. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषबाबू यांनी देशाला आवाहन केलं, लोकांनी पैसे दिले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकून ते बाहेर पडले होते आणि पुढच्या शिक्षणाचे बेत चालू होते. ते ज्या गावचे, त्या गावाने १९३० साली मार्शल लॉ सोसला होता आणि जानेवारी १९३१ मध्ये आपले चार हुतात्मे फासावर जाताना पाहिले होते. अशा गावातला तरुण दुसऱ्या देशाच्या हाकेला ओ देतो, याचं मला नवल वाटत नाही.

घरात मात्र चीनची ओळख अगदी तुटपुंजी होती. दारावर रेशीम विकायला येणारे चिनी फेरीवाले, एवढीच, असं धाकट्या बहिणीने, मनोरमा कोटणीसांनी, पुढे सांगितलं आहे. वडील शांताराम यांनी मुलाला प्रोत्साहन दिलं. आईला ते फार जड गेलं. तिचं दुःख मला या सगळ्या कहाणीत कमी महत्त्वाचं वाटत नाही. चरित्रांतून ते एका वाक्यात उरकलं जातं, एवढंच.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघालं. त्या काळी आईचं पत्र कसं असे, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या पेट्यांतून दिसतं. वर ‘श्री’, मग ‘चि. यास अनेक आशीर्वाद’, घरच्या सगळ्यांची खुशाली, तब्येतीला जपण्याची ताकीद आणि शेवटी ‘पत्रोत्तर लवकर पाठवणे’. पण हे लवकर कोणत्या वाटेने? पथक दक्षिणेकडच्या कॅन्टन बंदरातून चीनमध्ये शिरलं, आणि महिन्याभरातच, ऑक्टोबर १९३८ मध्ये, जपान्यांनी कॅन्टन घेतलं. पाठोपाठ हँकौही पडलं. ज्या दारातून मुलगा आत गेला, ते दारच मागे बंद झालं. पुढे सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि हिंदुस्थानातून परदेशी जाणाऱ्या टपालावर सरकारी सेन्सॉर बसला. आईने मुलाला लिहिलेला मजकूरही आधी परक्याच्या नजरेखालून जायचा.

पथक चुंगकिंगला असतानाच वडील गेल्याची बातमी आली. आपल्याकडे अशुभ वार्तेचं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती, ते घरात ठेवत नसत. तिकडे या मुलाला घरच नव्हतं. तो परतला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो थांबला, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये पथकाबरोबर कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला पोचला. मोठा निर्णय त्याचा, हे खरंच. पण त्याची किंमत सोलापुरात नुकत्याच विधवा झालेल्या बाईनेही मोजली, हे म्हटल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

चोळकर आणि मुखर्जी परतले, मग अटलही परतले. कोटणीस येनानच्याही पुढे, जपानी फळीच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ भागात गेले. १९४० च्या लढाईत ते ७२ तास सलग शस्त्रक्रिया करत राहिले, असं सांगतात. डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिथेच परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. इकडे डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडलं होतं, आणि १९४२ च्या वसंतात ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ताही जपान्यांच्या हाती गेला. हिंदुस्थानातून चीनला जायला उरली ती हिमालयावरून जाणारी विमानं, आणि तीही चीनचे सत्ताधारी चिआंग कै-शेक यांच्या हद्दीत उतरणारी. कोटणीस होते त्या कम्युनिस्ट मुलखाला चिआंग यांच्या फौजांनी वेढा घातला होता. नातवाच्या जन्माच्या वेळी आजीपर्यंत पोचायच्या जवळपास सगळ्या वाटा अशा बुजलेल्या होत्या.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. शस्त्रक्रियेवरचं त्यांचं दुसरं पुस्तक अर्धवट राहिलं. चिनी कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय यांचं सांत्वनाचं पत्र मार्च १९४३ चं आहे. तीन महिने उलटून गेले होते. मग कोटणीसांवर ख्वाजा अहमद अब्बास यांचं पुस्तक आलं, १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला, आणि घरचं दुःख देशाचं झालं.

सोलापूरच्या सुनेला, क्वो छिंगलान यांना, पुढे भारतात येता आलं, एकदा नव्हे, अनेकदा. त्यांचा आणि द्वारकानाथांचा मुलगा यिन्हुआ वैद्यकीय शिक्षण संपत आलं असताना १९६७ मध्ये वारला. सासूप्रमाणे सुनेनेही डॉक्टरकीच्या वाटेवरचा तरुण मुलगा गमावला. त्यानंतर त्या पंचेचाळीस वर्षं जगल्या. २०१२ मध्ये त्या गेल्या, आणि त्याच वर्षी सोलापुरात भैय्या चौकाजवळच्या कोटणीसांच्या घराचं स्मारक झालं.