सनद हरवलेलं शहर

वेल्सच्या पश्चिम टोकाला, जमीन संपून समुद्र सुरू होतो तिथे, सेंट डेव्हिड्स नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. रेल्वे स्टेशन नाही. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते आणि सरपंच घराघराला नावानिशी ओळखतो. कागदोपत्री मात्र हे गाव म्हणजे चक्क सिटी आहे, मँचेस्टर आणि लीड्सच्या पंगतीत बसणारी. उलट लंडनच्या पश्चिमेला रेडिंग आहे. तिथे पावणेदोन लाख लोक राहतात, विद्यापीठ आहे, बड्या कंपन्यांची ऑफिसं आहेत. पण ते आजही टाऊनच. सिटीचा दर्जा मिळावा म्हणून त्याने पुन्हा पुन्हा अर्ज केले आणि दर वेळी हात हलवत परतलं.

आपल्याकडे हिशोब सरळ असतो. लोकसंख्या वाढली की नगरपरिषदेची महानगरपालिका होते, आयुक्त येतात, निधी बदलतो, अधिकार बदलतात. ब्रिटनमध्ये सिटी होण्याचा लोकसंख्येशी संबंध नाही, आणि सिटी झाल्यावर एक पौंड जास्त मिळत नाही की एक अधिकार वाढत नाही. मंत्र्यांच्या सल्ल्याने राजा किंवा राणी सनद देते, एवढंच. नगरपालिकेने ती चौकटीत लावायची आणि पत्रांवर ‘सिटी’ छापायचं. या निव्वळ मानासाठी लाख-लाख वस्तीची गावं अर्जांचे गठ्ठे घेऊन रांगेत उभी राहतात, ही या व्यवहारातली खरी मौज.

मुळात सिटी आणि बिशप यांची जोडी होती. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली, मठ बरखास्त केले आणि १५४०च्या दशकात सहा नवी धर्मपीठं स्थापली: चेस्टर, ग्लॉस्टर, पीटरबरो, ब्रिस्टल, ऑक्सफर्ड आणि वेस्टमिन्स्टर. बिशप आला तिथे सिटीही आली. वेस्टमिन्स्टरचा बिशप जेमतेम दहा वर्षं टिकला. १५५० मध्ये पीठ मोडीत निघालं, पण सिटी हे बिरुद काही कोणी परत मागितलं नाही. ईलीसारख्या गावाकडे तर सनदही नव्हती. कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, होतं, पिढ्यान्‌पिढ्या सगळे सिटी म्हणत आले होते, म्हणून सिटी. शेतातल्या पायवाटेसारखी ही वहिवाट. तिच्यावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं ते १९७४ मध्ये.

ही जोडी सैल केली ती कारखान्यांनी. १८८९ मध्ये बर्मिंगहॅमने कॅथेड्रल नसताना, आपल्या आकाराच्या आणि महत्त्वाच्या जोरावर दर्जा मिळवला. पुढे १९५१ मध्ये केंब्रिजही सिटी झालं. तिथे अँग्लिकन चर्चचं कॅथेड्रल आजही नाही.

सेंट डेव्हिड्सकडे मात्र बिशप होता, आणि केवढा दबदबा! वेल्सचा संरक्षक संत डेव्हिड याचं हे स्थान. मध्ययुगात समज असा की इथल्या दोन यात्रा म्हणजे रोमची एक यात्रा. बाराव्या शतकात बांधायला घेतलेलं कॅथेड्रल टेकडीवर दिमाखात उभं असेल, असं वाटतं. तसं ते नाही. ते नदीकाठच्या खोलगट जागेत दडून बसलं आहे. पूर्वी समुद्रातून येणाऱ्या लुटारूंनी या देवस्थानाला वारंवार त्रास दिला होता, आणि या जागेमुळे ते समुद्रावरून सहज नजरेस पडत नाही. गावातून वेशीच्या कमानीखाली गेलं की एकोणचाळीस पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. देवळाकडे चढून जायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा उलटंच. या गावाचा सिटी म्हणवून घेण्याचा मान एकोणिसाव्या शतकात सुटला होता. १९९४ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथने तो परत दिला.

मिळालेला मान जातोही. केंट परगण्यातल्या रोचेस्टरची गोष्ट त्यासाठी ऐकावी. तिथलं धर्मपीठ ६०४ सालचं, इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या खालोखाल जुनं. गावाला सिटीची मान्यता १२११ पासूनची. चार्ल्स डिकन्सने याच गल्ल्या आपल्या कादंबऱ्यांत वापरल्या. १९९८ मध्ये स्थानिक प्रशासनाची फेररचना झाली आणि रोचेस्टरची नगरपालिका शेजारच्या जिलिंगहॅमसह मेडवे नावाच्या नव्या संस्थेत विलीन झाली. अशा वेळी जुना मान राखायचा तर सनदेचे विश्वस्त नेमावे लागतात. सिटीपण त्या विश्वस्तांच्या हाती सुरक्षित राहतं. बाथने १९९६ मध्ये तसे नेमले आणि ते सिटी राहिलं. रोचेस्टरकरांच्या कारभाऱ्यांनी नेमले नाहीत. राणीने काढून घेतलं नाही, संसदेने ठराव केला नाही. एक नेमणूक राहून गेली आणि जवळजवळ आठशे वर्षांचा मान विरघळला.

त्याहून गमतीचं म्हणजे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. गाव सिटी म्हणूनच मिरवत राहिलं. २००२ मध्ये सरकारी यादीत रोचेस्टरचं नाव नाही हे ध्यानात आलं तेव्हा कारभाऱ्यांचे डोळे उघडले. त्यानंतर मेडवेने नव्याने अर्ज केले, २०१२ च्या स्पर्धेसाठीही आणि २०२२ च्या स्पर्धेसाठीही. दोन्ही वेळा दर्जा दुसऱ्यांना मिळाला. कॅथेड्रल जागेवर, किल्ला जागेवर, फक्त सिटी गेली. माझ्या मते एवढी शिक्षा फार झाली, पण नियम त्यांचे.

नेमकी याच्या उलट गंमत जिब्राल्टरची. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाला सत्तर वर्षं झाली म्हणून २०२२ ची सिटीसाठीची स्पर्धा झाली, तेव्हा जिब्राल्टरनेही अर्ज टाकला. तपासणीत जुनी दप्तरं चाळली गेली आणि कळलं, की हा दर्जा व्हिक्टोरिया राणीच्या काळात, १८४२ मध्येच मान्य झालेला आहे! १८० वर्षं गाव सिटी होतं आणि सगळे विसरून गेले होते. एका गावाला सिटी असल्याचं ठाऊक नाही, दुसऱ्याला नसल्याचं. दप्तरखान्यातल्या कारकुनाचं काम किती मोलाचं असतं, ते इथे दिसतं.

साउथएंडची कहाणी मात्र चटका लावणारी. तिथले खासदार डेव्हिड एमेस संसदेत संधी मिळेल तेव्हा आपल्या गावाला सिटी करा म्हणून लकडा लावायचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मतदारांना भेटत असताना त्यांची हत्या झाली. तीनच दिवसांनी पंतप्रधानांनी सभागृहात जाहीर केलं, की राणीने साउथएंडला सिटी करायला मान्यता दिली आहे.

आणि आपण सगळे जिला शहरांची राणी समजतो, ती लंडन? २०२१ च्या जनगणनेत सुमारे ८८ लाख वस्ती असलेल्या त्या महानगराला सिटीचा दर्जा नाही. त्याच्या पोटात दोन सिटी आहेत. एक सिटी ऑफ लंडन: क्षेत्रफळ जेमतेम २.९ चौरस किलोमीटर, कायमचे रहिवासी साडेआठ हजारांच्या आसपास, पण स्वतःचं पोलीसदल आणि स्वतःचा लॉर्ड मेयर. सबंध लंडनचा मेयर तो वेगळा, त्याचं पद २००० सालचं. या छोट्या सिटीच्या निवडणुकीत तिथल्या कंपन्यांनी नेमलेले लोकही मतदान करतात. समारंभाने राजा आला, तर तो हद्दीवर थांबतो आणि लॉर्ड मेयर मोत्यांच्या म्यानातली तलवार पुढे करून त्याचं स्वागत करतो. दुसरी सिटी वेस्टमिन्स्टर, बिशप गेला तरी राहिलेली.

लंडनला जाणं झालं तर फ्लीट स्ट्रीट संपून स्ट्रँड सुरू होतो तिथे रस्त्याच्या मधोमध उंच चौथऱ्यावर बसलेला ड्रॅगन पाहा. तीच ही हद्द. पश्चिमेकडे चालत त्याला ओलांडलंत की तुम्ही एका सिटीतून दुसऱ्या सिटीत आलात.