लोकमताची कसोटी

'लोकमत' हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रांत अनेकदा वाचला असेल. 'लोकमत या योजनेच्या बाजूचे आहे', 'लोकमतापुढे सरकारला नमावे लागले', अशी वाक्ये आपण वाचतो आणि पान उलटतो. परंतु हे लोकमत असते तरी कोठे? ते घडविते कोण? दहाजण मोठ्याने ओरडले म्हणजे ते लोकमत होते काय? की हजारजण मनातल्या मनात जे म्हणत असतात, त्याला लोकमत म्हणावयाचे?

समजा, तुमच्या शाळेच्या आवारात एक जुना वड आहे. मुलांची संख्या वाढली, एका बाकावर चौघे-चौघे बसू लागले, आणि नवी खोली बांधणे भाग पडले. मोकळी जागा म्हणाल तर ती वडाखालचीच. गुरुजींनी वर्गात विचारले, "वड तोडून खोली बांधावी असे कोणाकोणाला वाटते?" दाटीवाटीने बसलेल्या बहुतेक मुलांचे हात चटकन वर जातील, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. पण इतक्यात एखादी मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, खोली हवी हे खरे, पण मागची पडकी कोठी पाडून तेथे ती बांधता येणार नाही का? उन्हाळ्यात आम्ही डबा कोठे खाणार?" मग वर्गात चर्चा होईल. कोणी कोठीची लांबी-रुंदी मोजून येईल, कोणी खर्चाचा अंदाज करील. त्यानंतर गुरुजींनी पुन्हा हात मोजले, तर संख्या पहिल्याइतकीच राहील असे नाही. पहिल्या वेळी मोजले गेले ते हात होते. दुसऱ्या वेळी मोजली गेली ती मते होत.

असाच एक प्रश्न, पण फार मोठ्या प्रमाणावर, केरळ राज्यातील लोकांपुढे उभा राहिला होता. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आपला सह्याद्री दक्षिणेकडे केरळपर्यंत गेलेला आहे. तेथे पालक्काड जिल्ह्यात, निलगिरी पर्वताच्या नैऋत्य कोपऱ्यात, घनदाट अरण्याने भरलेली एक दरी आहे. तिला 'सायलेंट व्हॅली' म्हणजे नीरव दरी असे नाव आहे. रातकिड्यांची किरकिर तेथे ऐकू येत नाही म्हणून हे नाव पडले, असे काहीजण सांगतात. दरीतून जी निर्मळ नदी वाहते तिचे नाव कुंतीपुळा. मल्याळम् भाषेत 'पुळा' म्हणजे नदी. नदीकाठच्या एका जागेस सैरंध्री म्हणतात. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीचे हे नाव तुम्हाला ठाऊक असेलच. वनवासात पांडव येथे येऊन राहिले होते, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे.

या दरीतील अरण्य सदाहरित आहे. उंच वृक्षांच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की, सूर्याचे किरण जमिनीपर्यंत कष्टानेच पोहोचतात. पावसाचे पाणी पानांवरून ठिबकत खाली उतरते, कुजलेल्या पाचोळ्यात मुरते आणि सावकाश झरत नदीला मिळते. याच अरण्यात सिंहपुच्छ नावाचा वानर राहतो. तोंडाभोवती करड्या केसांची आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा, असे त्याचे रूप असते. हा प्राणी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाखेरीज जगात इतरत्र रानात आढळत नाही. तो बहुतेक सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवरच घालवितो. म्हणून सलग अरण्य तुटले की त्याची वाटच तुटते.

याच सैरंध्रीजवळ कुंतीपुळेवर मोठे धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना राज्याच्या वीजमंडळाने आखली. १९७३ साली नियोजन आयोगाने तिला मान्यता दिली. पहिल्या टप्प्यात १२० मेगावॅट वीज मिळावयाची होती. त्याशिवाय सुमारे १०,००० हेक्टर जमिनीला पाणी मिळेल आणि बांधकामावर हजारो हातांना काम मिळेल, असे सांगण्यात येत होते. मात्र धरणाच्या पाण्याखाली अरण्याचा सुमारे ८.३ चौरस किलोमीटर भाग बुडणार होता, आणि तो भाग दरीच्या अगदी गाभ्यातील होता.

येथे आपण थोडे थांबू. ही योजना दुष्ट हेतूने आखलेली होती असे समजू नका. उत्तर केरळच्या मलबार भागात विजेची मोठी टंचाई होती. ज्या घरात सायंकाळी कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचावे लागते, त्या घरातील मुलाला 'वीज नको, अरण्य हवे' असे सांगणे सोपे नव्हे. ज्याला रोजगार नाही, त्याला धरणाचे काम म्हणजे घरची चूल पेटण्याची आशा वाटणारच. म्हणून राज्यातील बहुतेक सर्व राजकीय पक्ष या योजनेच्या बाजूचे होते. एरवी जे पक्ष एकमेकांचे तोंड पाहावयास तयार नसत, ते या प्रश्नावर मात्र एका सुरात बोलत होते. दिल्लीतही १९७८ साली पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी योजनेस अनुकूलता दाखविली.

सर्वच पक्ष एका बाजूचे झाले म्हणजे लोकमतही त्याच बाजूचे झाले, असे आपण म्हणू. पण ते बरोबर होणार नाही. निवडणुकीत आपण मत देतो ते एका उमेदवाराला. त्या एका मतात धान्याचे भाव, रस्ते, शाळा, रोजगार, पाणी असे कितीतरी प्रश्न एकत्र बांधलेले असतात. एखाद्या दूरच्या अरण्याचे काय करावे, एवढाच प्रश्न काढून कोणी मतदारापुढे ठेवीत नाही. त्या प्रश्नावरील लोकांचे मत व्यक्त व्हावयाचे तर त्याला दुसऱ्या वाटा लागतात. लेख, सभा, अर्ज, पत्रे आणि न्यायालय या त्या वाटा होत.

या वाटा चोखाळणारे लोक पुढे आले. पहिला इशारा तज्ज्ञांनी दिला. केंद्र सरकारने नेमलेल्या एका अभ्यासगटाने १९७६ च्या सुमारास या योजनेची तपासणी केली. मुंबईचे निसर्गअभ्यासक झफर फतेहअली हे त्या गटाचे प्रमुख होते. ही योजना सोडून द्यावी आणि ते शक्य नसेल तर कडक अटी पाळाव्यात, असा अभिप्राय त्या गटाने दिला. राज्यकर्त्यांनी अटींचा स्वीकार केला आणि मुख्य सल्ला बाजूला ठेवला.

पण तज्ज्ञांचा अहवाल कपाटात राहिला तर त्यातून लोकमत घडत नाही. ते काम केरळ शास्त्र साहित्य परिषदेने अंगावर घेतले. शास्त्रीय ज्ञान मातृभाषेतून सामान्य माणसापर्यंत न्यावे, या हेतूने ही संस्था १९६२ साली स्थापन झाली होती. शिक्षक हा तिचा मोठा आधार. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी मल्याळम् भाषेत लेख लिहून दरीचे महत्त्व समजावून सांगण्यास आरंभ केला. गावोगावी व्याख्याने झाली, पुस्तिका निघाल्या, वादविवाद झाले. "माकडे मोठी की माणसे?" असा टोमणा विरोधकांना मारला जाई. त्याला केवळ भावनेने उत्तर देऊन चालणार नव्हते.

म्हणून परिषदेच्या पाच कार्यकर्त्यांनी मिळून या योजनेचा अभ्यास केला. त्यांत वनस्पतिशास्त्राचा जाणकार होता, तसा वीज अभियंताही होता. अणुशास्त्राचा अभियंता होता, शेतीतज्ज्ञ होता आणि अर्थशास्त्रज्ञही होता. त्यांनी झाडांबरोबर विजेचाही हिशेब मांडला. राज्याच्या एकूण गरजेच्या मानाने या धरणाची वीज किती? तारांतून वाहताना वाया जाणारी वीज वाचविली तर किती मिळेल? मलबारची गरज दुसऱ्या मार्गांनी भागविता येईल काय? "अरण्य वाचवा" एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. "वीज अशी मिळविता येईल" हेही त्यांनी सांगितले. त्यामुळे त्यांचे म्हणणे ज्यांना पटले नाही, त्यांनाही ते ऐकून घ्यावे लागले. त्यांच्यापैकी कित्येकजण ज्या विचारसरणीच्या पक्षांना आपले मानीत, ते पक्षही योजनेच्या बाजूचे होते. आपल्याच माणसांना "येथे तुमचे चुकते" असे सांगावयास अधिक धैर्य लागते.

कवी आणि लेखकही मागे राहिले नाहीत. कवयित्री सुगतकुमारी यांची वृक्षावरील कविता सभासभांतून म्हटली जाऊ लागली. आकडे बुद्धीला पटतात. परंतु जे कधी पाहिले नाही त्याबद्दल जिव्हाळा उत्पन्न करण्याचे काम शब्दच करू शकतात. मुंबईत बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दरीच्या रक्षणाची मागणी केली. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी आपले वजन तिच्या पारड्यात टाकले. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनीही १९७९ साली अरण्य राखण्याची शिफारस केली.

काही नागरिकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. परंतु १९८० च्या आरंभी उच्च न्यायालयाचा निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. आता सारे संपले असे वाटत असतानाच पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी, सर्व बाजूंचा विचार होईपर्यंत काम थांबवावे, अशी राज्य सरकारला विनंती केली. पुढे प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. पुण्यात जन्मलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते. समितीचा अहवाल १९८३ साली आला आणि धरणाची योजना सोडून देण्यात आली. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी ती दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. तिचे औपचारिक उद्घाटन ७ सप्टेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. कुंतीपुळा आजही त्या अरण्यातून मोकळी वाहते.

या हकीकतीवरून आपण काय ध्यानात घ्यावे? लोकमत नेहमीच अचूक असते, असे नव्हे. आरंभी वीज आणि रोजगार यांची बाजूच सर्वांना दिसत होती. अरण्याची बाजू दिसली नाही, कारण अरण्याला सभेत उठून बोलता येत नाही. ती कोणी तरी मांडावी लागते. आणि मांडली गेली तरी दुसरी बाजू खोटी ठरत नाही. दरी वाचली म्हणून मलबारच्या घरांतील अंधार आपोआप दूर झाला नाही. तो दूर करण्याचे कर्तव्य शिल्लकच राहिले. गरिबाची गरज आणि निसर्गाचे रक्षण यांचा मेळ घालावयाचा, तर एकाचे नाव घेऊन दुसऱ्याकडे पाठ फिरविता येत नाही.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा असे प्रश्न तुमच्या गावातही येतील. कोठे रस्त्यासाठी डोंगर फोडावयाचा असेल, कोठे कारखान्यासाठी खाडी बुजवावयाची असेल. प्रत्येक पक्ष आपापले म्हणणे सांगेल. ते सर्व अवश्य ऐका. पण हात वर करण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात लाभ कोणाचा आणि हानी कोणाची? हीच गरज दुसऱ्या मार्गाने भागेल काय? आणि आज जे नाहीसे होईल, ते उद्या पुन्हा निर्माण करता येईल काय? वीज दुसरीकडे निर्माण करता येते. हजारो वर्षे वाढलेले अरण्य कोणत्याही कारखान्यात घडविता येत नाही.

ज्या समाजातील माणसे असे प्रश्न विचारतात, एकमेकांची उत्तरे शांतपणे ऐकतात आणि पटले तर आपले पहिले मत बदलावयास लाजत नाहीत, त्या समाजाचे लोकमत हे खरे लोकमत होय.